खेळात मोडलेले गाव

खेळातले गाव मोडले, तर गुनाह होतो का? एखाद्या मुलाने असे विचारले, तर आपण बहुधा हसतो. गाव कुठे आहे, ती तर पडद्यावरची चित्रे, असे म्हणून विषय मिटवतो. वाचकहो, या प्रश्नाला हसू नये अशी माझी विनंती आहे. मशिदीच्या दारात, मकतबात, निकाहच्या मांडवात पालक मला मोबाईल व संगणकावरील खेळांविषयी जे विचारतात, ते बहुतेक एवढेच असते : हे जायज आहे की नाजायज? मोठ्यांचा हा प्रश्न खेळाविषयीचा आहे. मुलाचा प्रश्न खेळणाऱ्याविषयीचा आहे, आणि दीनच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे.

ज्या खेळाच्या निमित्ताने हे लिहीत आहे, त्याचे नाव माइनक्राफ्ट. आपल्यापैकी अनेकांच्या घरात तो खेळला जातो, पण मुलांच्या खांद्यावरून डोकावून पाहण्यापलीकडे त्याची ओळख फार थोड्या वडीलधाऱ्यांना असेल. स्वीडनमध्ये तयार झालेला हा खेळ २००९ साली प्रथम लोकांसमोर आला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली, आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. त्यातील जग ठोकळ्यांचे आहे. माती, दगड, लाकूड, वाळू, सारे एकेका मीटरच्या चौकोनी ठोकळ्यांत. खेळणारा रिकाम्या हातांनी एखाद्या माळावर उभा राहतो. तो झाड तोडतो, दगड फोडतो, अवजारे घडवतो आणि अंधार पडण्यापूर्वी निवारा उभारतो, कारण रात्री हल्ला करणारे प्राणी बाहेर पडतात. तेथील दिवस आणि रात्र मिळून आपल्या वीस मिनिटांत संपतात. पुढे काय करायचे हे सांगणारे कोणी नसते. कोणी शेत करतो, कोणी किल्ला बांधतो, कोणी नुसताच चालत राहतो. ते जग मध्यबिंदूपासून प्रत्येक दिशेला तीन कोटी ठोकळे पसरलेले आहे. हिशेब केला तर आपल्या पृथ्वीच्या साऱ्या पृष्ठभागाच्या सुमारे सातपट! एका आयुष्यात ते पायी पाहून होणार नाही.

जायज-नाजायजचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वाद घालणे हा या लेखाचा हेतू नाही. खेळ म्हणून खेळ इस्लामला वर्ज्य नाही. ह. आयशा (रजि.) यांच्या बाहुल्यांत कापडाचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे प्रेषित (स.) यांनी विचारले तेव्हा त्यांनी ह. सुलैमान (अ.स.) यांच्या पंखवाल्या घोड्यांचा दाखला दिला, आणि प्रेषित (स.) मनमोकळे हसले. अबू दाऊद यांच्या संग्रहातील ही हदीस मला फार प्रिय आहे. मुलीच्या कल्पनेला तेथे उत्तर मिळाले ते हास्याचे. सजीवांच्या प्रतिमांविषयी उलेमांत मतभेद आहेत आणि ज्यांना अधिक सावध राहायचे आहे त्यांचा मी आदर करतो. नमाज जात असेल, शाळेचा अभ्यास बुडत असेल, अनोळखी माणसांशी नको ते बोलणे होत असेल, तर निर्णय करायला मौलवीची गरज नाही. एक गोष्ट मात्र अम्मी-अब्बांच्या माहितीसाठी : अजान झाली असता "आत्ता बंद केले तर सगळे जाईल" असे जे सांगितले जाते, ते एकट्याने खेळताना बहुतेक वेळा खरे नसते. बंद केले की ते जग जेथल्या तेथे थांबते आणि पुन्हा उघडले की तेथूनच सुरू होते.

आता बांधण्याविषयी. आपण मराठीत अगदी सहज 'इमारत' म्हणतो. हा शब्द ज्या अरबी धातूतून आला, त्याच धातूतून 'उम्र', म्हणजे आयुष्य, हा शब्द आला. 'तामीर' तेथलाच, 'उमरा'ही तेथलाच. ओसाड जागेत जीव नांदता करणे, हा त्या धातूचा गाभा. सूरह हूदमध्ये ह. सालेह (अ.स.) आपल्या समूद जमातीला आठवण करून देतात की अल्लाहने त्यांना याच मातीतून घडवले आणि याच मातीवर वसवले. तेथे आलेले क्रियापद याच धातूचे आहे. हनफी फकीह इमाम जस्सास यांनी या आयतीवरून असे मत मांडले की शेती, झाडे आणि घरे यांनी जमीन वसती करणे हे माणसावरचे कर्तव्य आहे. म्हणजे वस्ती करण्याची जी ओढ मुलाच्या बोटांत दिसते, ती मूळची वाईट नाही. ती आपल्या घडणीतच आहे.

पण कुरआनने बांधणाऱ्यांची दुसरी बाजूही दाखवली आहे. सूरह शुअरामध्ये ह. हूद (अ.स.) आद जमातीला विचारतात की प्रत्येक उंचवट्यावर ही स्मारके तुम्ही निरर्थक का उभारता, आणि कायम येथेच राहायचे असल्यासारखे मजबूत वाडे का बांधता. तेथे जो शब्द आहे तो 'अबस', म्हणजे व्यर्थ, ज्याचा कोणालाच उपयोग नाही असे. वाचक म्हणतील, मग खेळातली सारीच इमारत अबस ठरली, कारण त्या घरात कोणी राहणार नाही. मला हे मान्य नाही. आदचा दोष उपयोग नसण्यापुरता नव्हता. त्याच ठिकाणी लगेच त्यांच्या जुलमाचा उल्लेख येतो, की ते कोणाला पकडत तेव्हा निर्दयपणे पकडत. उंच मनोरे आणि जबरदस्तीचा हात, ही जोडी तेथे निंदिली आहे. वाळूत मशीद रचणाऱ्या लहान मुलाला आपण आदच्या पंक्तीला बसवत नाही, तसेच ठोकळ्यांत मशीद रचणाऱ्यालाही बसवू नये.

शिवाय खेळातले बांधकाम कधी कधी जमिनीवरही उतरते. संयुक्त राष्ट्रसंघाची वसाहतविषयक संस्था यूएन-हॅबिटॅट आणि या खेळाची कंपनी यांनी २०१२ पासून 'ब्लॉक बाय ब्लॉक' नावाचा उपक्रम चालवला आहे. नैरोबीच्या किबेरा झोपडवस्तीत, कोसोवोच्या प्रिश्टिना शहरात आणि इतरत्र रहिवाशांनी आपले मैदान किंवा चौक कसा असावा हे या खेळात रचून दाखवले. ज्याला नकाशा वाचता येत नाही, त्यालाही ठोकळे हलवून आपले म्हणणे मांडता आले. ही नुसती करमणूक राहिली नाही.

तरी एक उणीव सांगितलीच पाहिजे, आणि ती पाण्याची आहे. या खेळात जमिनीत छोटा चौकोनी खड्डा खणून दोन बादल्या पाणी योग्य रीतीने ओतले की ते पाणी कधी आटत नाही. उपसाल तितके भरते. मराठवाड्यात वाढलेल्या मुलालाही त्यात काही खटकत नाही, याची मला गंमत वाटते आणि थोडी चिंताही. हबशी देशातून गुलाम म्हणून आणलेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले. शहर वसवायचे तर त्याला प्रथम पाण्याचा विचार करावा लागला. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याच्या नावाने आजही ओळखली जाते. त्याची कबर खुलदाबादला आहे. तिकडे सहलीला गेलात तर मुलांना सांगा की या माणसाने खरोखरीचे गाव वसवले आणि त्याच्याकडे न आटणाऱ्या दोन बादल्या नव्हत्या. मुलांना ते चटकन कळते. मोठ्यांनाच वेळ लागतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. या खेळात अनेक जण एकाच जगात एकत्र खेळू शकतात. उन्हाळ्याच्या एका सुट्टीत दोन चुलतभाऊ असे खेळत होते. धाकटा बारा वर्षांचा, थोरला चौदाचा. धाकट्याने जवळजवळ सारी सुट्टी लावून एक गाव उभे केले : मिनार असलेली मशीद, विहीर, गव्हाची शेते, बाजार, ओढ्यावर पूल. एका दुपारी थोरल्याने त्याखाली स्फोटकांचे ठोकळे मांडले आणि पेटवून दिले. गाव गेले. धाकटा रडला. थोरला म्हणाला, खेळच तर आहे. घरातले मोठेही तेच म्हणाले. बकरी ईदच्या नमाजनंतर धाकट्याने चुलतभावाची गळाभेट घेतली नाही, तेव्हा दादीने माझ्याकडे निरोप पाठवला : इमामसाहेब, यात कोणाची चूक आहे ते तुम्हीच सांगा.

अबू दाऊद यांच्याच संग्रहात एका प्रवासाची हकीकत आहे. सहाबांपैकी एक जण झोपले होते. कोणीतरी गमतीने त्यांच्याजवळची दोरी उचलली आणि ते दचकून उठले. प्रेषित (स.) यांनी सांगितले की मुसलमानाने मुसलमानाला असे घाबरवणे हलाल नाही. दुसऱ्या एका हदीसमध्ये तर स्पष्टच आले आहे की आपल्या भावाची वस्तू कोणी घेऊ नये, गमतीने नाही आणि गंभीरपणेही नाही. गंमत ही सबब तेथे नावानिशी नाकारली आहे. दोरी ती केवढी! पण मोजली गेली ती झोपलेल्या माणसाची धडधड.

येथे कोणी फिक्हचा जाणकार अडवील आणि त्याने अडवावेच. दोरी हाती धरता येते, ठोकळ्यांचे गाव धरता येत नाही. ते 'माल' आहे का? हनफी फकीहांच्या परंपरेत माल म्हणजे साठवून ठेवता येणारी मूर्त वस्तू. शाफई फकीह वस्तूपासून मिळणाऱ्या लाभालाही मालाचा दर्जा देतात. आपल्या महाराष्ट्रात कोकणातील मुसलमान बहुधा शाफई आणि देश-मराठवाड्यातील बहुधा हनफी, त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी नुसता किताबी नाही. आधुनिक काळात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ साली कुवेतच्या बैठकीत लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क शरीअतला मान्य आहेत व त्यांचे उल्लंघन करता येत नाही, असा निर्णय दिला. ज्याला हात लावता येत नाही अशा गोष्टीतही माणसाचा हक्क गुंतलेला असू शकतो, हे तत्त्व त्यातून मिळते. त्या गावाची भरपाई रुपयांत सांगा असे म्हटले तर मी सांगू शकणार नाही, आणि कोणी काझीही सांगेल असे वाटत नाही. पण भरपाई ठरवता येत नाही म्हणून हक्कच नव्हता, असे म्हणणे ही चलाखी आहे. पाठीमागे केलेल्या निंदेची किंमत तरी रुपयांत कोण सांगतो?

धाकट्याच्या हातून जे गेले ते ठोकळे नव्हते असे मी दादींना कळवले. ठोकळे त्या खेळात अमाप आहेत. त्याने आपले दिवस त्यात घातले होते, आणि ते दिवस ठोकळ्यांसारखे पुन्हा खणून काढता येत नाहीत. थोरल्यानेही जे केले ते खरोखर केले. त्याने ठरवले, वाट पाहिली, भाऊ जेवायला उठला ती वेळ साधली. स्फोट खोटा होता, पण इरादा खोटा नव्हता. नियतवर कर्म तोलले जाते असे आपण प्रत्येक खुतब्यात सांगतो. मग येथे नियत कोणत्या जगात होती? या बाजूच्या, आपल्या जगात.

एक बाजू थोरल्याचीही आहे. खेळात स्फोटके आहेत, म्हणजे मोडणे हाही खेळाचा भाग आहे, असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. कुस्तीत पाठ जमिनीला लागली म्हणून कोणी अन्यायाची तक्रार करत नाही, कारण आखाड्यात उतरताना दोघांनी ते मान्य केलेले असते. दोघांनी एकमेकांचे किल्ले पाडायचे असे आधी ठरवले असते, तर मी याच प्रसंगी थोरल्याच्या बाजूने उभा राहिलो असतो. प्रश्न संमतीचा आहे. धाकटा आखाड्यात उतरला नव्हता. तो गाव वसवत होता आणि भावाला हे ठाऊक होते.

इमाम नववी यांनी तौबाच्या अटी सांगताना म्हटले आहे की गुनाह सोडणे, पस्तावणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय या तिन्हींखेरीज, प्रकरण दुसऱ्या माणसाच्या हक्काचे असेल तर चौथी अट लागते : त्याचा हक्क त्याला पोचवणे. अल्लाहशी आपण एकांतात बोलू शकतो. चुलतभावाशी मात्र समोर जाऊनच बोलावे लागते. मी सुचवले ते एवढेच, की थोरल्याने माफी मागावी आणि गाव पुन्हा उभारायला मदत करावी, पण कोणते घर कोठे होते हे स्वतः न ठरवता धाकट्याला विचारावे. आणि धाकट्याला पुन्हा बांधायचे नसेल, तर तोही त्याचा हक्क आहे. माफ केलेस तर पुन्हा बांधलेच पाहिजे, असा दबाव घरातल्या मोठ्यांनी आणू नये.

येथे एक वेगळा प्रश्न जोडून येतो, कारण एका हुशार मुलीने तो विचारला. खेळातच संगणकाने निर्माण केलेली गावे आणि गावकरी असतात. पाचूच्या मोबदल्यात ते पाव, पुस्तके, अवजारे देतात. अनेक खेळाडू सोयीसाठी या गावकऱ्यांना एकेका ठोकळ्याच्या खोलीत कायमचे कोंडतात. काही जण त्याहून पुढे जातात : गावकऱ्यावर मुद्दाम झोंबी सोडायचा, तो आजारी होऊन झोंबी बनला की औषध आणि सोनेरी सफरचंद देऊन बरा करायचा, मग तो कृतज्ञतेने माल स्वस्तात देतो. मुलीने विचारले, हा जुलूम आहे का? माझे उत्तर असे की त्या गावकऱ्याला जीव नाही, वेदना नाही, त्याचा हक्क कियामतच्या दिवशी उभा राहणार नाही. चुलतभावाच्या गावाशी या गोष्टीची बरोबरी करू नये. तरी तिला हे खटकले याचा मला आनंद झाला. आजारी पाडून उपकार करायचे आणि त्या उपकाराची किंमत वसूल करायची, ही युक्ती माणसांच्या बाजारात अनोळखी नाही. खेळताना ती चतुराई वाटते. मुलीला ती चतुराई वाटली नाही. याहून जास्त काही तिला शिकवण्याची मला गरज भासली नाही.

शोधयात्रेविषयीही दोन शब्द. चालत राहणाऱ्या खेळाडूला वाळवंटातील मंदिरे, बुडालेली जहाजे, ओस पडलेली गावे भेटतात आणि त्यांत बहुधा खजिन्याच्या पेट्या असतात. कुरआनही जमिनीवर फिरा असे वारंवार सांगतो, पण आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहण्यासाठी. तबूकच्या वाटेवर समूदचे उद्ध्वस्त हिज्र लागले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी साथीदारांना तेथे रडत असल्याखेरीज शिरू नका असे बजावले आणि स्वतः डोके झाकून वेगाने पुढे गेले. खेळातल्या ओस गावात कधी कोणी राहिलेच नव्हते, म्हणून तेथे रडण्याचे कारण नाही. मुलाने पेटी उघडावी. फक्त दौलताबादच्या किंवा जंजिऱ्याच्या तटावर नेल्यावर त्याने "येथे पेटी कोठे आहे" असे विचारले, तर हसण्याआधी त्याला जवळ बसवून सांगावे की येथे माणसे राहत होती.

शेवटी एका वाचकाचा प्रश्न राहिला. त्याच्या मुलाने इंटरनेटवरील सामायिक जगात एका अनोळखी खेळाडूचे घर मोडले होते आणि आता पस्तावला होता. तो खेळाडू कोण, कोणत्या देशाचा, मुसलमान आहे की नाही, काहीच ठाऊक नाही. केवळ एक टोपणनाव. माफी कोणाकडे मागायची? समोरचा मुसलमान नसला तरी त्याचा हक्क कमी होत नाही, हे प्रथम सांगतो. फकीहांनी अशा प्रसंगाचा विचार केलेला आहे : हक्कदार सापडत नसेल तर शोध घ्यावा, तरीही न सापडल्यास त्याच्या नावे सदका करावा, आणि पुढे कधी तो भेटलाच तर त्याच्याशी हिशेब पूर्ण करण्याची तयारी ठेवावी. मुलाने खाऊच्या पैशांतून थोडे काढून ठेवावेत. आणि त्या खेळात लाकडी पाटी उभी करून तिच्यावर मजकूर लिहिता येतो. मोडलेल्या घराच्या जागी तशी एक पाटी लावावी, तिच्यावर आपले टोपणनाव लिहावे, घर मी मोडले असे लिहावे, आणि परत येशील तेव्हा बांधायला मी येईन असे लिहावे.